निबिडमधली रात्र

"मेलो पुन्हा," दादा म्हणाला आणि त्यानं माउस टेबलावर आपटला. "लिही वं करुणे. रात्र फार काळी आहे. पडती बाजू, पहिला नंबर."

"परवा पण हेच लिहिलं होतं."

"मंग आज पण लिही. परवा मेलो तो काय आज जिवंत झालो?"

"झालास न. झोपडीत परत उठलास की."

"अन् सामान? ते तिकडंच राहिलं नाल्यापाशी. मेलेल्या माणसानंच आपलं सामान आणाले जायचं, हे कुठलं शास्त्र आहे? लिही. दुसरा नंबर."

मी हसून लिहून घेतलं. मे महिन्याची दुपार होती. अमरावतीच्या उन्हानं खिडकीचे गज हात लावू देत नव्हते आणि कूलर नुसताच ओरडत होता. वर गच्चीवर सुजाता वहिनी कुरडयांवरची चादर सारखी करत होती, तिच्या पावलांचा आवाज येत होता. खाली आम्ही बहीण-भाऊ दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी लावून बसलो होतो.

खेळणं हे माझं काम होतं. पुण्यातली एक छोटी कंपनी गेम बनवत होती आणि मी घरून त्यांची टेस्टर होते. खोट काढायची आणि कळवायची. आई म्हणायची, ही पोरगी जन्मली तेव्हापासून हेच करते, आता त्याचा पगार मिळतो एवढंच. गेमचं नाव 'निबिड'. एका शापित जंगलात तुम्ही उघडेबोडके जागे होता. दगड फोडून कुऱ्हाड करायची, झाड पाडून झोपडी बांधायची, पुढं भट्टी, लोखंड, मग मंतरलेले दिवे. भूक लागते, थंडी वाजते. आणि अंधार पडला की सावट येतात, म्हणजे लांब हातांची जनावरं. ती समोरून कधीच येत नाहीत, कडेनं येतात.

हा गेम जोडीनं खेळायचा होता, म्हणून मी दादाला बसवला. संघपालदादा खासगी ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर होता, अमरावती-पुणे, रातची गाडी. एक रात्र जायची, दुसरी यायची. घरी आला की सकाळी झोपायचा, दुपारी माझ्याबरोबर खेळायचा आणि दिवस कलायच्या आत पुन्हा स्टँडवर जायला निघायचा. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे तो पाहुण्यारावळ्यांना न विचारता सांगायचा.

माझ्यापेक्षा तो चांगला टेस्टर निघाला. मला जे दिसायचं नाही ते त्याला दिसायचं. झाड जिकडं झुकलेलं तिकडंच पडतं, हे त्यानं पहिल्याच दिवशी दाखवलं आणि खूश झाला. भुकेनं हात थरथरायला लागतात तेव्हा कुऱ्हाडीचा नेम चुकतो, हे त्याला फार पटलं. "उपाशी माणसाले निशाना लागत नाही, हे ज्यानं लिहिलं तो उपाशी राहिलेला आहे," म्हणाला. घर तर त्यानं असं बांधलं होतं की कंपनीतल्या लोकांनी त्याचे फोटो मागवले. नदीकाठी, जोत्यावर, पुढं ओटा. खऱ्या घराला ओटा नव्हता आमच्या.

पडत्या बाजूही तो तोंडावर सांगायचा. दगड गोळा करण्यात आयुष्य जाते. भट्टी पेटवाले दहादा तेच ते. नदीत मासे आहेत पण गळ नाही. आणि रात्र. रोज रात्र.

दुपारचा चहा झाला की पुण्याहून मुग्धाचा फोन यायचा. ती गेमची मुख्य होती, वयानं माझ्याएवढीच, बोलणं शांत. त्या दिवशी मी फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, आज शेवटची यादी घेतेय," ती म्हणाली. "संध्याकाळनंतर आम्ही काही बदलणार नाही. तुमचं रात्रीचं सोडून सगळं मान्य आहे."

"रात्रीचंच तर मान्य करायचं होतं मॅडम."

"पण बाकी एकही टेस्टर तसं म्हणत नाही हो. उलट सगळ्यांना रात्रच सगळ्यात जास्त आवडलीये. तो झाडांच्या कडांवरचा निळसर उजेड करायला आम्हाला किती दिवस लागले, माहितीये?"

"कुठला उजेड?"

"चंद्राचा. पानांच्या कडेनं येतो तो."

दादानं स्क्रीनकडं वाकून पाहिलं. मग म्हणाला, "असेल. आमच्याकडं येत नाही."

"करुणा, तुझा मॉनिटर तपासून बघ एकदा," मुग्धा म्हणाली. "आणि मला संध्याकाळी नक्की सांग. खरंच दोष असेल तर मी रात्र उजळ करीन. पण तसं केलं तर या गेममध्ये भीती उरणार नाही, हे लक्षात ठेव."

फोन ठेवला. मला दादाचा राग आला होता. गेममधली सगळ्यात चांगली गोष्ट त्याच्या हट्टापायी जाईल की काय, असं वाटत होतं. तो उजेड मला दिसत होता. फार सुंदर होता.

"माझ्या जागेवर बस," मी म्हटलं. "माझ्या स्क्रीनवर पाह्य."

आम्ही जागा बदलल्या. मी खिडकीला चादर बांधली, स्क्रीनची काच पुसली. गेममध्ये रात्र केली. टेस्टरच्या गेममध्ये एक छोटी लपवलेली पट्टी असते, तिच्यावरून पाऊस, वेळ, उजेड काय पाहिजे ते कमीजास्त करता येतं. खेळणाऱ्याला ती दिसत नाही. दादाला तर ती आहे हेच माहीत नव्हतं.

"ओट्यावरून निघ अन् पुलापर्यंत जा," मी म्हटलं. "मशाल पेटवू नको."

तो निघाला आणि स्वतःच बांधलेल्या खांबाला जाऊन धडकला.

"दादा, खांब."

"दिसला नाही न. तेच तर सांगून राहिलो."

मी उजेड थोडा वाढवला. काही बोलले नाही. टेस्टरला ही सवय लागते, खेळणाऱ्याला सांगायचं नाही, नुसतं पाहायचं. तो पायऱ्या चुकून खाली पडला. मी आणखी वाढवला. माझ्या डोळ्यांना आता झाडाचं पान न पान मोजता येत होतं. तो गवतात वळला, उलट दिशेला.

"पूल कुठं गेला?" तो म्हणाला.

पूल त्याच्या डाव्या हाताला होता. मी आणखी वाढवला. पहाट झाल्यासारखं झालं, मग सकाळ. पुलाच्या कडेला एक सावट उभं होतं, लांब हात खाली सोडून, लपायला सावलीसुद्धा उरली नव्हती त्याला. दादा त्याच्या अगदी शेजारून गेला. मान वळवली नाही.

मी पट्टी शेवटापर्यंत ओढली.

"हां," दादा म्हणाला आणि खुर्चीत जरा सैल बसला. "आता चंद्र निघाला वाटते. आता दिसते थोडं."

मी दोन्ही स्क्रीन पाहिले. त्याचा पाहिला, माझा पाहिला. दोन्हीकडं भर दुपार होती, एरवी उघड्या खिडकीच्या उजेडात त्याला दिसायची तीच, पण आता खोलीत अंधार होता. नदीचं पाणी चकाकत होतं.

मग एकेक आठवायला लागलं, आणि थांबेचना. संध्याकाळी तो वहिनीला गाडीवर बाजारात नेत नाही, कंटाळा येतो म्हणतो. मामाच्या पोरीच्या लग्नात लाइट गेले तेव्हा सगळे उठले, हा खुर्चीत बसून राहिला आणि आम्ही हसलो की जेवण जास्त झालं. ड्यूटीला कायम उजेडात निघतो, आणि आम्ही म्हणायचो, माणूस वेळेचा पक्का आहे.

"दादा," मी म्हटलं, "ही रात्र नाही. दुपार आहे."

"काय?"

"म्या उजेड वाढवला. पूर्ण. यापेक्षा जास्त गेममध्ये नाही."

तो स्क्रीनकडं बघत राहिला. मग उठला आणि त्यानं जिन्याकडचं दार लोटलं. वहिनी वरच होती.

"तुले कोणी सांगतलं होतं हे करायले?" तो हळू म्हणाला.

"कधीपासून आहे?"

"थोडं कमी दिसते. वय झालं का सगळ्यांचंच कमी होते."

"चाळिशीत? डॉक्टरले दाखवलं?"

"दाखवलं अकोल्याले. इथं ओळखीचे आहेत सगळे." त्यानं तोंड पुसलं. "चष्म्यानं होत नाही म्हणाला. कडेकडेनं जाते म्हणे, हळूहळू. दिवसा काही नाही. दिवसा पाह्य न, सगळं बराबर."

"तू दिवसा गाडी चालवतोस का?"

त्यानं चादर बांधलेल्या खिडकीकडं पाहिलं.

"दादा, कशी चालवतोस तू?"

"रस्ता पाठ आहे मले. समोरच्या ट्रकचे मागचे लाल दिवे धरतो अन् त्याच्या मागं राहतो. तो ढाब्यावर गेला का दुसरा धरतो. हायवेवर गाड्या असतातच रातभर."

"अन् नसली तर?"

"असते."

"अन् कडेनं कोणी आलं तर? सायकलवाला, पायी माणूस?"

कूलर ओरडत होता. दादा पलंगाच्या कडेला बसला. मला वाटलं तो चिडेल, मी त्याचीच तयारी केली होती. तो चिडला नाही.

"मागच्या महिन्यात," तो म्हणाला, "मेहकरच्या पुढं काहीतरी लागलं गाडीले. डाव्या अंगाले. म्या थांबवली. क्लीनर उतरून पाहून आला. कुत्रं होतं म्हणे."

"तू पाहिलं?"

"म्या काय पाहणार अंधारात." थोडं थांबून तो म्हणाला, "कुत्रंच होतं."

ते त्यानं मला सांगितलं नाही, स्वतःला सांगितलं. मला रडू आलं आणि त्याच वेळी त्याला दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. माझा मोठा भाऊ. ज्यानं मला सायकल शिकवली, कॉलेजात घातली, हा कॉम्प्युटर घेऊन दिला. तो रोज रात्री गाडीभर झोपलेली माणसं घेऊन आंधळा निघत होता.

"आज नाही जायचं," मी म्हटलं.

"वेडी झाली का? लग्नसराई आहे, गाडी फुल आहे."

"म्हणूनच. शेठले फोन कर. नाहीतर म्या करते."

"करुणे, मले दुसरं काही येत नाही." हे त्यानं इतकं साधं म्हटलं की मला तिथंच माघार घ्यावीशी वाटली. "हे एक येते. तेही लोक चांगलं म्हणतात."

"म्या करते फोन."

मी त्याचा फोन उचलला. तो उठून आला, माझ्या हातातून त्यानं तो काढून घेतला आणि खिडकीकडं तोंड करून लावला.

"शेठ, संघपाल बोलतो. आज जमत नाही. ताप आहे." पलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. दादा मान हलवत राहिला. "हो. हो शेठ. उद्या पाहतो." फोन बंद करून तो म्हणाला, "झालं? प्रल्हादले पाठवतो म्हणते."

प्रल्हाद इंगोले बडनेऱ्याचा, त्याच ट्रॅव्हल्सवरचा. घरी यायचा कधीकधी, वहिनीच्या हातच्या वडाभाताचं भारी कौतुक.

"चांगला चालवतो न तो?" मी विचारलं.

"चांगला चालवतो. सकाळीच आला मुंबईवरून."

"मंग दिवसभर झोपला असेल."

"असेल," दादा म्हणाला. "आज ताप म्हटलं. उद्या कायचा ताप सांगू? उद्या जाईन म्या."

"उद्याचं उद्या पाहू."

संध्याकाळी मुग्धाला कळवायचं होतं. मी लिहिलं, रात्र ठेवा, रात्र ही या गेमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. आधीची तक्रार आमच्याकडच्या अडचणीमुळं होती. तिचं उत्तर लगेच आलं, जीव भांड्यात पडला म्हणाली. दादा पलंगावर पडून छताकडं बघत होता. वहिनीनं त्याच्या कपाळाला हात लावला, ताप कुठं आहे म्हणाली, पण नवरा कधी नव्हे तो रात्रीचा घरात म्हणून तिनं बेसन केलं आणि भाकरी थापल्या. तो नीट जेवलाही नाही.

सकाळी शेठचा फोन आला. जालन्याच्या अलीकडं गाडी सरळ उभ्या कंटेनरवर गेली होती. प्रल्हाद जागीच गेला. एक म्हातारी बाई गेली, पुष्कळांचे हातपाय मोडले. ब्रेक लावल्याची खूणसुद्धा रस्त्यावर नव्हती. त्याला झोप लागली होती. मुंबईवरून आला आणि पोराच्या शाळेच्या दाखल्यासाठी दुपारभर उन्हात फिरला, असं नंतर कळलं.

शेठचा आवाज फोनबाहेर येत होता. "तू वाचला लेका संघपाल. तुझा ताप तुले पावला. हे दोनचार दिवस जाऊ दे, मंग दुसऱ्या गाडीवर ये. माणूस नाही माझ्याकडं."

"येतो," दादा म्हणाला.

मी दारात उभी होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"म्या झोपलो नसतो," तो म्हणाला.

एवढंच. त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तो झोपला नसता हे खरं होतं. उभा कंटेनर त्याला दिसला नसता हेही खरं होतं, किंवा दिसलाही असता, कोण सांगणार. मी त्याला अडवलं याचा मला तेव्हा पस्तावा नव्हता आणि आजही नाही. पण प्रल्हादभाऊचं नाव घरात निघालं की मी उठून आत जायची. वहिनीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती बोधिसत्त्वाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून म्हणायची, तुम्हीच माझ्या माणसाले वाचवलं. आणि दादा ते ऐकत बसायचा.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बडनेऱ्याले जाऊन येऊ. तू चाल संगं." वहिनीला नको म्हणाला.

प्रल्हादभाऊच्या घरी पुढच्या खोलीत सतरंजी टाकली होती. ट्रॅव्हल्सवरचे ड्रायव्हर, क्लीनर भिंतीला टेकून बसले होते. शेठ खुर्चीवर होता. फोटोला हार. प्रल्हादभाऊची बायको रेखावहिनी कोपऱ्यात बसली होती, कोणी आलं की उठत नव्हती, नुसती बघत होती. आम्ही गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दादा तिच्यासमोर बसला. कोणीतरी चहाचे ग्लास फिरवले.

मग तीच म्हणाली, "भाऊ, गाडी तुमची होती न?"

"हो."

"तुम्ही काहून नाही गेले?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. खोलीतले सगळे खाली बघायला लागले. शेठ खाकरला.

"ताप होता त्याले, वहिनी," तो म्हणाला. "उभं राहवत नव्हतं. फोनवर आवाज निघत नव्हता पोट्ट्याचा."

शेठनं बाजू सावरली होती. दादानं नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. दोनचार दिवसांनी तो दुसऱ्या गाडीवर गेला असता, समोरच्या लाल दिव्यांमागं. मला सगळ्यांसमोर ओरडून सांगता आलं असतं, आणि मी ते करणार होते की नाही, मला माहीत नाही.

"ताप नव्हता," दादा म्हणाला.

शेठनं वर पाहिलं.

"ताप नव्हता वहिनी. मले रात्री दिसत नाही. पुष्कळ दिवसांपासून दिसत नाही. त्या दिवशी हिनं पकडलं मले, अन् जाऊ दिलं नाही. म्या शेठले खोटं सांगतलं."

कोणाच्या तरी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाकी ड्रायव्हर दादाकडं बघत होते, आणि मग बघेनासे झाले. रेखावहिनीनं पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती, विचार करत होती.

"हे त्यांनाच सांगायचं होतं न भाऊ," ती हार घातलेल्या फोटोकडं पाहून म्हणाली. "शेठले ते नाही म्हणणार होते. झोप झाली नाही, आज नाही जात म्हणे. मंग म्हणे, नाही, संघपालची गाडी आहे. तो कधी सुट्टी घेत नाही, त्याले खरंच लई बरं नसेल. त्याच्यासाठी जातो."

दादा बसल्या जागी बसून राहिला. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

बाहेर अंधार पडत चालला होता. लोक एकेक करून उठले. शेठ आमच्याकडं न पाहता गेला. शेवटी आम्हीही उठलो. दारात चपलांचा ढीग होता, पुढं दोन पायऱ्या आणि गल्ली. दादा उंबऱ्यावर थांबला. ट्रॅव्हल्सवरची माणसं गल्लीत बिड्या ओढत उभी होती, सगळी त्याच्या ओळखीची.

"करुणे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हात दे."

मी दिला.